स्वच्छ इंधन आणि कोबाल्टचे नखरे

नैसर्गिक वायूपासून केलेलं डिझेल पाण्यासारखं नितळ असतं. त्यात गंधक जवळपास नसतं, काजळीही कमी. पण ज्यांनी ही विद्या शोधली, त्यांच्या डोक्यात स्वच्छता मुळीच नव्हती.

फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२५ च्या सुमारास जर्मनीत म्युल्हाइमला ती शोधली, आणि तीही कोळशासाठी. जर्मनीकडे कोळसा रगड, तेलाची मात्र वानवा. दुसऱ्या महायुद्धात असे नऊ कारखाने चालत होते. पुढे दक्षिण आफ्रिकेत सासोलने १९५५ मध्ये कोळशापासूनच पेट्रोल काढलं. वर्णभेदी राजवटीवर तेलबंदी आली, तेव्हा तोच तिचा आधार झाला.

मग स्वच्छता आली कुठून? मिथेन ऑक्सिजनमध्ये अर्धवट जाळला की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळतो. हे मिश्रण कोबाल्टच्या उत्प्रेरकावरून नेलं की कार्बनच्या लांब साखळ्या जुळतात, मेणच म्हणा ना. त्या तोडल्या की डिझेल. पण कोबाल्ट मोठा नखरेल, गंधकाचा अंशही त्याला निकामी करतो. म्हणून गंधक आधीच काढावं लागतं. मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे कार्यकारणाची ही गंमत मला फार भावते. काळजी घेतली उत्प्रेरकाची, फायदा झाला आपल्या फुप्फुसांचा!

आता बोर्निओ बेटावर चला. मलेशियाच्या सारावाक राज्यात बिंतुलू इथे शेल कंपनीने १९९३ मध्ये वायूपासून डिझेल करणारा कारखाना सुरू केला. त्याला शुद्ध ऑक्सिजन लागतो, आणि तो हवा अतिथंड करून, तिचा द्रव करून वेगळा काढतात. १९९७ साली इंडोनेशियात जंगलं पेटली, आणि महिनोन्‌महिने त्या सगळ्या मुलखावर धुराचं मळभ होतं. धुरातले बारीक कण हवेबरोबर यंत्रात शिरले आणि द्रव ऑक्सिजनमध्ये साठत गेले. २५ डिसेंबरला स्फोट झाला. आतलं ॲल्युमिनियमसुद्धा जळलं! स्वच्छ इंधनाचा कारखाना बंद पडला तो घाणेरड्या हवेमुळे. पुन्हा सुरू व्हायला २००० साल उजाडलं.

तरी विद्या थांबली नाही. कतारमध्ये २०११ पासून पर्ल नावाचा प्रचंड कारखाना चालू झाला, क्षमता रोज १,४०,००० बॅरल. पण या रूपांतरातच वायूतली एक तृतीयांशाहून अधिक ऊर्जा खर्ची पडते, आणि डिझेलमधला कार्बन शेवटी हवेतच जातो. म्हणजे बसमागे उभ्या असलेल्या माणसाला हे इंधन स्वच्छ, वातावरणाला नाही. जाहिरातीत ‘स्वच्छ’ एवढाच शब्द असतो, कुणासाठी ते लिहिलेलं नसतं.