किल्लारी आणि संघराज्याचा तोल

मध्यवर्ती व राज्य सरकारांमधील सत्तेचा तोल घटनेच्या सूचींवरून कळतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमच्या मतें त्याची खरी कसोटी संकटकाळीं लागते. किल्लारीचा इतिहास हेंच सांगतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानें लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवें जमीनदोस्त झालीं. सात हजारांहून अधिक माणसें दगावलीं. जमीन हा विषय राज्यसूचींतला, म्हणून पुनर्वसन राज्याकडे आलें. परंतु परदेशी कर्ज हा विषय संघसूचींतला; त्यामुळें जागतिक बँकेचें साहाय्य दिल्लीच्या हातूनच यावयाचें. आपत्तिनिवारण मात्र कोणत्याच सूचींत स्वतंत्रपणें नाहीं. २००५ सालीं संसदेनें त्याविषयीं कायदा केला, तो समवर्ती सूचींतील सामाजिक सुरक्षेच्या आधारें.

या ओढाताणींत तिसरा पक्ष विसरला जातो. पंचायतींस घटनात्मक स्थान देणारी त्र्याहत्तरावी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजीं, म्हणजे भूकंपापूर्वीं पांचच महिने, अमलांत आली होती. पुढें बावन्न गांवें नव्या जागीं वसलीं. रुंद, सरळ रस्त्यांच्या त्या वसाहतींत जुन्या गल्लीबोळांचा शेजार तुटला; कित्येकांचीं शेतें दूर राहिलीं. पक्कें घर मिळालें, हें उपकारक खरेंच. परंतु गांव कसें असावें, हें ठरविण्याचा अधिकार गांवाकडे कितपत होता?

सत्ता दिल्लीहून निघून मुंबईंतच थांबली, तर किल्लारीच्या शेतकऱ्यास दोन्ही राजधान्या सारख्याच दूर.