टॅब्लेचर

वाद्यावर बोट कोठे ठेवावे, हे अंक, अक्षरे वा चिन्हे यांच्या साहाय्याने दर्शविणारी स्वरलेखनपद्धती. ‘ताबुला’ (फळी, पाटी) या लॅटिन शब्दावरून ही संज्ञा आली. पंचरेषी पद्धतीत किंवा आपल्याकडील सारेगम-लेखनात स्वर कोणता, हे लिहिले जाते; टॅब्लेचरमध्ये तो वाद्यावर कोठे काढावयाचा, हे लिहिले जाते. या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या भेदातच आहेत.

गिटारच्या आधुनिक टॅब्लेचरमध्ये सहा आडव्या रेषा म्हणजे सहा तारा. वरची रेषा सर्वांत उंच स्वराच्या तारेची असते. रेषेवरील अंक पडदा दाखवितो व शून्य मोकळी तार. प्रचलित जुळणीत पहिल्या मोकळ्या तारेचा स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या व चौथीच्या चौदाव्या पडद्यावरही मिळतो. पंचरेषी लेखनात या साऱ्यांना एकच चिन्ह असते. टॅब्लेचर त्यांतील नेमके स्थान सांगते. [→ गिटार].

सोळाव्या शतकात ल्यूटसाठी या पद्धतीचा मोठा प्रसार झाला. व्हेनिसचा मुद्रक ओत्ताव्यानो पेत्रूत्ची याने १५०७ मध्ये फ्रांचेस्को स्पिनाचीनोच्या रचना टॅब्लेचरमध्ये छापल्या. गायनाचे लेखन वाचता न येणाऱ्यांसाठी त्याने त्यात वाचनाचे नियमही दिले. इटालियन पद्धतीत अंक वापरीत व वरची रेषा खर्जाच्या तारेची असे. फ्रेंच पद्धतीत अक्षरे वापरीत व वरची रेषा उंच तारेची असे. जर्मन पद्धतीत रेषाच नव्हत्या. तार व पडदा यांच्या प्रत्येक छेदनस्थानाला वेगळे चिन्ह होते. स्पेनमध्ये लूईस मिलानने व्हिवेलासाठी लिहिलेल्या एल माएस्त्रो (१५३६) या ग्रंथात गायकाचे स्वर तांबड्या अंकांनी दाखविले आहेत. आलोन्सो मुदाराच्या १५४६ च्या संग्रहात चार जोडतारांच्या गिटारसाठी रचना आहेत. पाच जोडतारांच्या गिटारसाठी गास्पार सान्सचा ग्रंथ (१६७४) महत्त्वाचा मानला जातो.

या लेखनात कालमानाची चिन्हे रेषांच्या वर असत. ती पुढचा आघात केव्हा करावा, हे सांगत. प्रत्येक स्वर किती काळ टिकवावा, हे नव्हे. त्यामुळे एकाच वेळी चालणाऱ्या स्वरपंक्ती वेगळ्या करणे वाचकाच्या जाणकारीवर सोडलेले असे. शिवाय वाद्य व त्याची जुळणी बदलली, की लेखन मुके होई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ल्यूट मागे पडला आणि झिल्व्हिउस लेओपोल्ट व्हाइसच्या (१६८७–१७५०) ल्यूटरचना दीर्घकाळ हस्तलिखितांतच पडून राहिल्या. गिटारवादकांनीही पंचरेषी लेखन स्वीकारले; फेर्नांदो सोर व माउरो जूल्यानी यांच्या रचना त्यातच आहेत.

विसाव्या शतकात अमेरिकेतील लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाबरोबर टॅब्लेचर पुन्हा रूढ झाले. १९९० नंतर साध्या टंकलिखित खुणांनी लिहिलेली टॅब्लेचरे संगणकजाळ्यावर पसरली. त्यांत पडदे असत, परंतु कालमान बहुधा नसे. मूळ गाणे कानात असेल, त्यालाच ती उपयोगी पडत. प्रकाशकांच्या स्वामित्वहक्काच्या हरकतींमुळे ‘ओल्गा’ हा त्यांचा मोठा संग्रह २००६ मध्ये बंद झाला.

सॉफ्टवेअरने या दोन लेखनांची सांगड घातली. फ्रान्समध्ये १९९७ साली निघालेल्या ‘गिटार प्रो’मध्ये पंचरेषी व टॅब्लेचर लेखन एकाखाली एक दिसते आणि वाजवूनही ऐकता येते. ‘टक्सगिटार’ व ‘म्यूझस्कोर’ ही मुक्त सॉफ्टवेअरे होत. दुसऱ्यात टॅब्लेचरची सोय २०१५ च्या आवृत्तीत आली. व्हिन्चेन्त्सो गालिलेईच्या १५६८ च्या ग्रंथाचे नाव धारण करणारे ‘फ्रोनिमो’ जुन्या ल्यूट-पद्धतींसाठी आहे.

यांतून निवड करताना काही गोष्टी पाहाव्या लागतात. एका लेखनातील दुरुस्ती दुसऱ्यात आपोआप उमटावी. कालमान व स्वतंत्र स्वरपंक्ती लिहिता याव्यात. जुळणी बदलता यावी. तितकेच महत्त्व फाइलच्या स्वरूपाला आहे. १९८३ च्या मिडी संकेतात स्वर असतो, पण सामान्यतः तार व पडदा नसतो. म्यूझिक एक्सएमएलमध्ये (२००४) हे सर्व नोंदविता येते. ‘फिनाले’ हे १९८८ पासूनचे प्रतिष्ठित स्वरलेखन-सॉफ्टवेअर २०२४ मध्ये बंद करण्यात आले. अशा वेळी ज्यांनी आपले लेखन सर्वमान्य स्वरूपातही जतन केलेले असते, त्यांचेच ते सुरक्षित राहते. पेत्रूत्चीचे पुस्तक आजही वाचता येते, कारण ते वाचण्याचे नियम त्याने पुस्तकातच छापले होते.