बाटलीवरचें नांव

मनुष्य बाजारांतून बंद बाटली विकत घेतो, तेव्हां तो खरें पाहतां एक नांव विकत घेत असतो. आंत काय आहे हें गडद कांचेंतून नीट दिसत नाहीं, वासानें कळत नाहीं, आणि बूच काढून चव पाहिल्यावर माल परत करण्याची सोय नसते. अशा वेळीं तळहाताएवढा एक रंगीत कागद साक्षीदार म्हणून पुढें उभा राहतो. हा कागद चिकटवणाऱ्यांनीं जितकी बुद्धि खर्च केली, जवळजवळ तितकीच तो काढून टाकणाऱ्यांनींहि केली आहे. पहिली कथा व्यापाराच्या इतिहासांत वाचावयास मिळते. दुसरी सहसा कोणी सांगत नाहीं.

कागदाच्या आधीं बाटली होती, आणि ती मोलाची होती. इंग्लंडांत अठराव्या शतकाच्या मध्यापासून कांचेवर सरकारी कर होता; तो १८४५ सालीं उठला. बाटली टाकून देणें ही त्या काळीं चैन होती. ती रिकामी झाली कीं धुवून पुन्हां भरावयाची, हाच परिपाठ होता. मुंबई बंदरांत तर रिकाम्या बाटलीवर पेढ्या चालत. फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला हे असेच एक व्यापारी. रिकाम्या बाटल्या घ्यावयाच्या आणि विकावयाच्या, हा त्यांचा धंदा, आणि तेंच त्यांचें आडनांव. त्यांच्या हाताखालीं तयार झालेला भाचा, पुढें त्यांचा जांवईहि झालेला, म्हणजे जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९). चीनच्या व्यापारांत अपार धन मिळवून तें इस्पितळांस व शाळांस देणाऱ्या या पुरुषासहि तरुणपणीं लोक 'बाटलीवाला' म्हणूनच ओळखीत.

त्या काळच्या बाटलीवर बहुधा कांहींच लिहिलेलें नसे. जो तिला भरील त्याची ती होई. स्वतःच्या गांवांत, ओळखीच्या दुकानदाराकडून माल घेणाऱ्यास याची अडचण वाटत नसे. परंतु माल समुद्र ओलांडूं लागला आणि प्रश्न उभा राहिला. इंग्लंडांतील बर्टन-ऑन-ट्रेंट या गांवच्या विहिरींचें पाणी जिप्समयुक्त आहे, आणि तें फिकट रंगाच्या, कडवट बिअरला फार मानवतें. १८२० नंतरच्या दशकांत बर्टनच्या कारखानदारांनीं हिंदुस्थानच्या बाजारांत पाय रोवले. त्यापूर्वीं हा बाजार लंडनजवळच्या बो येथील हॉजसन यांच्या हातीं होता. बर्टनमधील बास ही कंपनी विल्यम बास यानें १७७७ सालीं स्थापन केली होती. तिचा बराच माल पिंपांतून निघे, आणि बाटल्या भरण्याचें काम ठिकठिकाणचे स्वतंत्र व्यापारी करीत. बिअर करणारा एक, बाटलींत भरणारा दुसरा, विकणारा तिसरा आणि पिणारा हजारों मैलांवर! या चौघांस जोडणारा दुवा एकच, तो कागद.

शिळाछापाची कला एव्हांना स्वस्त झाली होती. तांबड्या त्रिकोणाचें बासचें लेबल युरोपच्या उपाहारगृहांत सर्वपरिचित झालें, आणि परिचयाबरोबर नकलाहि आल्या. १८७५ सालीं इंग्लंडांत व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला. १ जानेवारी १८७६ पासून नोंदणी सुरू झाली, आणि वहींत पहिला क्रमांक या तांबड्या त्रिकोणास मिळाला. एदुआर मॅने या फ्रेंच चित्रकारानें १८८२ सालीं पॅरिसच्या फोली-बर्जेर येथील मद्यगृहाचें चित्र पुरें केलें. आज तें लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहालयांत आहे. त्यांतल्या संगमरवरी फळीवर बासच्या बाटल्या तांबड्या त्रिकोणावरून सहज ओळखूं येतात. चित्रकारानें आपली स्वाक्षरीहि डाव्या हाताच्या एका बाटलीच्या लेबलावरच केली आहे. नांव लिहिण्याची जागा ती, हें जणूं त्यासहि पटलें होतें.

कायद्यानें खोटें लेबल छापणाऱ्यास पकडतां आलें; परंतु खरें लेबल असलेल्या रिकाम्या बाटलीचें काय करावयाचें? कागद खरा, बाटली खरी, फक्त आंतला माल दुसऱ्याचा. लबाडी करण्यासाठीं कांहीं करावें लागत नाहीं. कागद होता तसा राहूं दिला म्हणजे पुरे. म्हणून जुनी बाटली पुन्हां भरण्यापूर्वीं तिचें लेबल काढणें ही केवळ स्वच्छतेची बाब राहिली नाहीं. प्रामाणिक आणि अप्रामाणिक धंदा यांमधली रेघ तेथेंच पडली.

कागद निघावा कीं निघूं नये, हें ठरतें चिकटवण्याच्या द्रव्यावर. प्रथम साधी पिठाची खळ वापरीत. ती कोमट पाण्यांत तासाभरांत सुटे. पण बिअर थंड करण्यासाठीं बाटल्या बर्फाच्या पाण्यांत ठेवूं लागले, तेव्हां लेबलें पाण्यावर तरंगूं लागलीं व ग्राहकाच्या हातीं नागडी बाटली येऊं लागली. यावर उपाय म्हणून दुधांतील केसीन या प्रथिनाचा गोंद आला. त्याचा गुण असा कीं, तो थंड पाण्यास दाद देत नाहीं, मात्र ऊन क्षारयुक्त पाण्यांत विरघळतो. ग्राहकाकडे असेपर्यंत कागद घट्ट राहावा आणि कारखान्यांत परत आल्यावर कॉस्टिक सोड्याच्या कढत द्रावणांत तो अखंड सुटून यावा, अशी ही दुहेरी युक्ति आहे. १९३५ सालीं अमेरिकेंत स्टॅन ॲव्हरी यानें स्वतःच चिकटणाऱ्या लेबलांचा धंदा सुरू केला. अशा लेबलांचा चिकटा पाण्यास जुमानत नाहीं. त्यास तेल किंवा उष्णता लागते.

कारखान्यांत जें काम यंत्र करतें, तें घरांत हातांनीं करणारा एक वर्ग पश्चिमेकडे मोठा आहे. हा वर्ग स्वतःपुरती बिअर घरीं तयार करतो. इंग्लंडांत ही प्रथा फार जुनी. परंतु ग्लॅडस्टन यानें १८८० सालीं माल्टवरील कर काढून बिअरवर बसविला, तेव्हां घरीं करणाऱ्यांसहि परवान्याची अट आली. ती अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यानें १९६३ सालीं उठविली. अमेरिकेंत १९३३ सालीं दारूबंदी संपली, तेव्हां घरगुती द्राक्षमद्यास मुभा मिळाली. बिअर मात्र राहून गेली. ती चूक दुरुस्त होण्यास पंचेचाळीस वर्षें लागलीं. अध्यक्ष जिमी कार्टर यांनीं १९७८ च्या ऑक्टोबरांत सही केली व कायदा १९७९ च्या फेब्रुवारींत अमलांत आला. महाराष्ट्रांत मात्र १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची परंपरा आहे, आणि परवान्यावांचून मद्य तयार करणें येथें गुन्हा आहे.

घरगुती बिअरचा एक घाणा बहुधा पांच अमेरिकन गॅलनांचा, म्हणजे सुमारें १९ लिटरांचा असतो. त्यास नेहमीच्या लहान आकाराच्या पन्नासांवर बाटल्या लागतात. नव्या विकत घेण्यापेक्षां मित्रांकडून रिकाम्या गोळा करणें सोपें. त्यांतून पिळून उघडणाऱ्या बुचाच्या पातळ बाटल्या वगळतात. कारण बाटलींत साखर घालून पुन्हां आंबवतांना वायूचा दाब वाढतो, आणि कमकुवत कांच फुटून इजा होते. विल्यम पेंटर यानें १८९२ सालीं पेटंट घेतलेलें दांतेरी पत्र्याचें बूच ज्या बाटलीवर बसतें, तीच कामाची.

मग टोपांत किंवा बादलींत कढत पाणी घेऊन त्यांत धुण्याचा सोडा विरघळवतात व बाटल्या रात्रभर बुडवून ठेवतात. सकाळीं बहुतेक कागद आपोआप सुटून वर आलेले असतात. उरलेले बोथट सुरीनें खरवडावे लागतात. पाणी जड असेल तर कांचेवर पांढुरका थर बसतो; तो पातळ शिरक्यानें जातो. कांहीं लोक अमोनिया वापरतात. तो कागद लवकर सोडवतो. पण त्यांत ब्लीचिंगचें पाणी मिसळलें तर विषारी वायु निघतो, हें विसरून चालत नाहीं. शेवटीं बाटलीच्या आंतून ब्रश फिरवावयाचा. पाश्चर यानें बिअरच्या रोगांवरील आपला ग्रंथ १८७६ सालीं, म्हणजे त्रिकोणाची नोंदणी झाली त्याच वर्षीं, प्रसिद्ध केला. डोळ्यांस न दिसणारे जंतु बिअर कशी नासवतात, हें त्यानें त्यांत दाखविलें.

येथें शंका येते. आंतली बाजू स्वच्छ असली तर बाहेरच्या कागदासाठीं इतका खटाटोप कशाला? घरची बिअर विकावयाची नसते, तेथें फसवणुकीचाहि प्रश्न नाहीं. तरीहि पन्नास बाटल्या खरवडून हात सुरकुतवणारे लोक ते श्रम टाळीत नाहींत. याचें उत्तर कागदाच्या इतिहासांतच आहे. नांव ही साक्ष आहे. दुसऱ्याच्या नांवाखालीं आपली करणी मांडली, तर चांगली झाल्यास श्रेय दुसऱ्यास जातें आणि बिघडल्यास दोष दुसऱ्यावर येतो. दोन्ही गोष्टी सारख्याच अन्यायाच्या आहेत.

जमशेटजींस १८५७ सालीं बॅरोनेट ही पदवी मिळाली. हिंदी मनुष्यास मिळालेली ती पहिलीच. पदवीबरोबर नांवहि टिकावें म्हणून १८६० सालीं कायदा झाला, आणि गादीवर येणाऱ्या प्रत्येक वारसानें आपलें नांव सोडून 'जमशेटजी जिजीभाई' हेंच धारण करावें असें ठरलें. रिकाम्या बाटल्यांच्या पेढीवर वाढलेल्या मनुष्याचें नांव असें पिढ्यान् पिढ्या कायम चिकटविलें गेलें. कागदाचें नांव सोड्याच्या पाण्यांत एका रात्रींत सुटतें. इस्पितळांतून आणि शाळांतून जें नांव मुंबईवर उमटलें, तें मात्र आंतल्या मालाच्या बळावर राहिलें आहे.