शुगर मॅन आणि विठाबाई

गेल्या शनिवारी मंगळवेढ्याला घरी होतो. रात्री लॅपटॉपवर २०१२ चा 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' लावला. डेट्रॉइटचा रॉड्रिग्ज. १९७० साली 'कोल्ड फॅक्ट' अल्बम काढला, अमेरिकेत कुणी विचारलं नाही, गडी घरं पाडायच्या कामाला लागला. तिकडे दक्षिण आफ्रिकेत मात्र सुपरस्टार, आणि याला पत्ताच नाही! (१९७९ आणि १९८१ चे ऑस्ट्रेलियातले दौरे दिग्दर्शकाने सोयीस्करपणे गाळलेत. असो.)

बाबा मागे बसून बघत होते. म्हणाले, "आपल्या विठाबाईचं तरी काय वेगळं झालं रे?"

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५, पंढरपूरचा, म्हणजे आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. खेळ चालू असताना पडद्यामागे बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट इकडे सगळ्यांना पाठ. राष्ट्रपतींकडून सन्मानही झाला. शेवट मात्र हलाखीत. जानेवारी २००२ मध्ये गेल्या, दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भागवलं. २००६ मध्ये सरकारने त्यांच्याच नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

वेगळं आहे की! रॉड्रिग्ज कुठे आहे हे त्याच्या चाहत्यांना माहीतच नव्हतं. विठाबाई कुठे आहेत, हे शोधायला डिटेक्टिव्ह लागणार नव्हता.

"तुम्ही बघितलं होतं त्यांना?" मी विचारलं.

"हो तर. तिकीट काढून."

"आणि आजारी होत्या तेव्हा?"

"पेपरात आलं होतं," बाबा म्हणाले, आणि पाणी प्यायला उठले.