दुष्काळी कंदाची बढती

सोळाव्या शतकाच्या तोंडावर दक्षिण चीनमधल्या ग्वांगतोंग प्रांतात माणसांच्या अंगावर विचित्र फोड उठू लागले. यांगमेई नावाच्या लाल, खरबरीत फळासारखे ते दिसत, म्हणून लोकांनी त्यांना त्या फळाचंच नाव दिलं. रोग उत्तरेला यांगत्सेच्या मुलखात पोचला, तेव्हा तिथल्यांनी त्याला 'ग्वांगतोंगचे फोड' म्हणून टाकलं. रोगाचं खापर परक्यावर फोडायची खोड सगळीकडे सारखीच; आपल्याकडे तो फिरंगरोग झाला. रोग एकच, गरमी, म्हणजे सिफिलिस.

चिनी वैद्यांनी आधी हाती घेतला तो पारा. छिंगफन हा पाऱ्याचा क्षार दिला की फोड झरझर सुकत. रोगी खूश, वैद्यही खूश. मग काही काळाने स्नायू आखडत, हाडं ठणकत, नवी गळवं येत आणि माणूस कायमचा अधू होऊन बसे. हा औषधाचाच प्रताप आहे, हे हूपेई प्रांतातल्या ली शिचन या वैद्याने (1518–1593) स्पष्ट लिहून ठेवलं. त्याच्या 'पन्त्साओ कांगमू' या ग्रंथात 1,892 औषधद्रव्यं आणि अकरा हजारांवर पाठ आहेत. तो छापून झाला 1596 मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर.

पाऱ्याला त्याने सुचवलेला पर्याय गरिबाघरचा होता. थूफूलिंग ही डोंगरउतारावरची वेल. तिचा गाठाळ कंद लोक पूर्वी धान्य सरलं की खात. आठव्या शतकातल्या छन त्सांगछी या औषधशास्त्रकाराने त्याची नोंद घेतली ती पोट भरणारा कंद म्हणूनच. कंद पिठूळ असतो. त्याच्या पातळ, फिकट तांबूस चकत्या करून वाळवतात. चकती वाकते, पण सहजी मोडत नाही. मोडलीच तर पीठ उडतं आणि पाण्यात भिजली की बोटांना बुळबुळीत लागते.

ली शिचनने दिलेल्या काढ्यात थूफूलिंग एक ल्यांग, म्हणजे सुमारे 37 ग्रॅम. बाकीची द्रव्यं मात्र प्रत्येकी जेमतेम दोन ग्रॅम: हनीसकलची फुलं, यीयीरनचे दाणे, मूग्वा नावाचं आंबट फळ आणि आणखी काही. चिनी वैद्यकात पाठ बांधताना द्रव्यांना राजा, मंत्री, सहायक आणि दूत अशी पदं वाटतात. इथे राजा कोण, हे तराजूच सांगतो. अशक्त रोग्याला जिनसेंगची जोड. काढा दिवसातून तीनदा, आणि पथ्य कडक: चहा, दारू, गोमांस, कोंबडी, मासे सगळं बंद. चिनी माणसाला चहा सोडायला सांगणं म्हणजे शिक्षाच!

कंदाची ख्याती त्या ग्रंथाच्या आधीच समुद्रापार गेली होती. 1535 च्या सुमारास पोर्तुगीज व्यापारामुळे तो गोव्यात पोचला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करणाऱ्या गार्सिया द ओर्ता या गोवेकर वैद्याने 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात या 'चीनच्या मुळी'ला स्वतंत्र प्रकरण दिलं. आपल्या वैद्यांनी तिला चोपचिनी म्हटलं. भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त ती फिरंगरोगावर मधातून द्यायला सांगितली आहे; पथ्य मिठाचं, अगदीच राहवलं नाही तर सैंधव. तिकडे युरोपात सम्राट पाचव्या चार्ल्सने संधिवातावर ती घेतली आणि त्याचा वैद्य वेसॅलियसने 1546 मध्ये तिच्या नावाने पुस्तक काढलं. त्याला मुळीचं फारसं कौतुक नव्हतं. पुस्तकाचा बराच भाग शरीररचनेच्या वादातच गेला.

चोपचिनीने रोग जात होता का? नाही. सिफिलिसचे पहिले फोड उपचारांशिवायही मावळतात, मग रोग वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. त्या मधल्या सुटीचं श्रेय पाऱ्यानेही लाटलं आणि कंदानेही. खरा इलाज पेनिसिलिनचा, आणि सिफिलिसवर त्याचा पहिला वापर 1943 मधला. तरीही ली शिचनचा सल्ला वाया गेला असं म्हणता येत नाही: ज्यांनी पारा टाळून काढा घेतला, ते निदान औषधाच्या विषातून वाचले.

थूफूलिंग आजही चीनच्या अधिकृत औषधकोशात आहे. ग्वांगतोंग, हाँगकाँगकडे कासवाच्या पोटाकडच्या कवचाबरोबर ती उकळून क्वेलिंगकाओ नावाची काळी, कडवट जेली करतात. दुकानात वाटीभर घेऊन लोक वर साखरेचा पाक ओतून खातात.