सुंची खडप

गोव्यात मुरगावजवळ, अरबी समुद्रातील पाण्याखालचे खडप. सतराव्या शतकाच्या आरंभी येथे एक पोर्तुगीज जहाज फुटले. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस येथे बुड्या मारून त्याचे अवशेष शोधले व काही वर उचलले.

अवशेष जेमतेम ३ ते ६ मीटर खोलीवर, कपारींतून विखुरले आहेत. डोलकाठी, सुकाणू, मालाची कोठारे पाहण्याच्या आशेने येणाऱ्याची येथे निराशाच व्हायची, कारण जहाजाचा सांगाडा उरलेलाच नाही. उथळ पाण्यातील लाटांचा मारा आणि लाकूड पोखरणारे सागरी कृमी यांनी तो संपवला असावा. लोखंडी तोफा, नांगर, बंदुकीच्या नळ्या, घडीव दगड, काचेच्या बाटल्यांचे बूड, चिनी मातीची भांडी आणि मर्तबान जातीच्या मोठ्या रांजणांची खापरे एवढेच मागे राहिले. काळ ठरला तो मुख्यतः मातीच्या भांड्यांच्या तप्तदीप्ती कालमापनावरून.

सर्वांत बोलका ऐवज म्हणजे ८ हस्तिदंत आणि पाणघोड्याचे ९ दात. दोन्ही आफ्रिकेतले. भारतीय समुद्रातील जहाजाच्या अवशेषांत असे दात प्रथमच सापडले. भांडी मात्र पूर्वेची, म्हणजे चीन आणि ब्रह्मदेशाकडची. मोझांबिकचे हस्तिदंत आणि मलाक्यापलीकडचा माल या दोहोंची उतारपेठ गोवाच असल्याने जहाज येत होते की जात होते, हे केवळ मालावरून ठरवणे धोक्याचे आहे. शिवाय मर्तबानी रांजण जहाजावर पाणी साठवायलाही वापरत. जहाजाचे नाव निश्चित झालेले नाही.

गोव्याच्याच समुद्रातील सेंट जॉर्ज खडपावर एकोणिसाव्या शतकातील दुसरे जहाज आहे. त्यात होती कौले, विटा आणि कोरिंथियन शैलीतील भाजक्या मातीचे स्तंभशीर्ष. कौलांवर बासेल मिशनच्या कारखान्याचा १८६५ सालाचा ठसा आहे. कोकणी माणूस ज्यांना मंगलोरी कौले म्हणतो, तीच ही. गोव्याजवळच्याच अमी शोल्स या उथळ जागेतील अवशेष वाफेच्या जहाजाचे असून तेथील बाष्पित्राजवळ ग्लासगोच्या 'गार्टक्रेग' छापाच्या अग्निविटा मिळाल्या.

हौशी पाणबुडे बहुधा ग्रँड बेटाच्या परिसरात, 'सूझीज रेक' या बुडालेल्या जहाजावर उतरतात. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र खवळतो, आणि मांडवी व जुवारीच्या गाळाने पाणी गढूळ होते. १९७२च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार किमान १०० वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरते. त्यामुळे समुद्रतळावरून खापराचा तुकडा आठवण म्हणून खिशात घालणे हे निरुपद्रवी कृत्य नव्हे. उथळ स्थळांना तर हा धोका अधिकच, कारण तेथवर कोणीही पोहोचू शकतो.