परसाचे माप

आमच्या फलटण तालुक्याच्या कोरड्या अंगाला विहीर पाडायची म्हटली की आधी पाणाड्याला बोलावणे जाई. तळहातावर नारळ, नाहीतर उंबराची बेचकी घेऊन तो वावर तुडवी. बेचकी झुकेल तिथे दगड मांडायचा. मग आमच्या आज्याला हाक. पाणी दाखवणाऱ्याला टॉवेल-टोपी, खणणाऱ्याला भाकरी.

आजा खोली परसात सांगे. माणसाने हात वर करून उभे राहावे, तेवढा एक परस. पुढे मास्तर झाल्यावर मी सहाव्या शतकातल्या वराहमिहिराची बृहत्संहिता चाळली. तिच्यात झाडे आणि वारुळे यांच्या खुणांवरून पाणी किती ‘पुरुष’ खोल ते सांगितले आहे. पुरुष म्हणजे आमच्या आज्याचाच परस! पोथी त्याने डोळ्यांनी पाहिली नव्हती. पण खड्ड्यात उतरणाऱ्याच्या अंगाखेरीज हे माप आले तरी कुठून? आणि मापाला चालणाऱ्या त्याच अंगाचा पाणी लागल्यावर विटाळ होई. आपणच खणलेल्या विहिरीच्या काठावर आजा ओंजळ धरून उभा राही.

बेचकीत काही नाही. आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी असते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. आजा मुरूम मुठीत दाबून ओल बघे, खडकाची चीर बोटाने चाचपी, आणि दबक्या आवाजात “मालक, जरा वढ्याकडं सरकू,” म्हणे. पाणी लागले की नाव नारळाचे.

१८६८ साली जोतीरावांनी आपला हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याची पायरी उतरले. कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडले. ही सारी लढाई डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्याची होती.

१९७२ च्या दुष्काळानंतर आमच्या वस्तीत यंत्राने भोक पाडून हापसा बसवला. गावाचा पहारा नसलेले ते आमचे पहिले पाणी! आई उगीचच दोनदा घागर भरी.

मग शेजारच्या वावरात बागाईतदाराचा खोल बोअर आला, वर विजेची मोटार. हापसा वारा ओढू लागला. आम्हांला ‘शिवू नका’ असे कुणी म्हणाले नव्हते. मग अस्पृश्यतेच्या १९५५ च्या कायद्याखाली फिर्याद करायची कुणावर? १८८२ च्या इंग्रजी कायद्यापासून जमीन ज्याची, पोटातले पाणी त्याचे. आमची जमीन घरापुरती.

१९९३ च्या कायद्याने मात्र पिण्याच्या सार्वजनिक पाण्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घ्यायला बंदी होती. बोअरही त्यातच येई. तो लागू असताना, २००३ च्या दुष्काळात, मी हापशापासून त्या बोअरपर्यंतचे अंतर पावलांनी मोजले. दोनशे दहा पावले भरली. कचेरीत अर्ज दिला. साहेबाने तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, “सातबारा कुठाय तुमचा?”